फक्त एक सही हवी आहे!

‘जामीन राहिलो होतो, आता नोटीस आली आहे, काय करू?’ हा प्रश्न वाचक वारंवार विचारतात, आणि जवळजवळ नेहमी उशिरा विचारतात. त्याच्या मागोमाग तीन वाक्यं ठरलेली असतात. ‘माझी तर फक्त सही होती.’ ‘पैसे मी घेतलेच नाहीत.’ ‘आधी त्याच्याकडून वसूल करा ना!’ विचारणारे शहाणेसुरते असतात. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करतात, पण पाच लाखांच्या कागदावर उभ्याउभ्या सही करून मोकळे होतात.

मी त्यांना हसत नाही, कारण मीही तेच केलं आहे. दुपारचा दीड वाजला होता, डबा उघडलेला होता. शेजारच्या टेबलावरचा सहकारी नोकरदारांच्या पतसंस्थेचा फॉर्म घेऊन आला. सह्या कुठे करायच्या, तिथे पेन्सिलीने फुल्या मारून आणल्या होत्या. मजकूर मी वाचला नाही, फुल्याही मोजल्या नाहीत. बोटांचं तूप कागदाला लागू नये, एवढीच काळजी घेतली. चौदा महिन्यांनी माझ्या पगाराच्या स्लिपवर कपातीची एक नवी ओळ आली.

तो सहकारी लबाड नव्हता. घरात आजारपण निघालं, हप्ते थकले. माणूस चांगला आहे का, एवढंच मी मनात पाहिलं होतं, आणि तो चांगलाच होता. चांगल्या माणसावर वाईट वेळ आली तर हप्ता कुणाच्या खिशातून जाईल, हे मात्र पाहिलं नव्हतं. व्यवहारज्ञान म्हणजे संशयीपणा किंवा लबाडी, असा आपल्याकडे एक गैरसमज आहे. जामिनाच्या बाबतीत तरी त्याचा अर्थ अगदी साधा आहे: भीड आणि हिशेब एकाच वेळी करायला बसू नये.

सही कसली आहे?

‘एक सही’ म्हणून पुढे येणाऱ्या कागदावर तुम्ही चारपैकी कोणीही असू शकता. मराठीत बोलताना आपण हे सगळं ‘सही दिली’ या दोन शब्दांत गुंडाळतो, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो.

- साक्षीदार: सही तुमच्यासमोर झाली, एवढंच तुम्ही सांगता. कर्जाची जबाबदारी येत नाही.
- जामीनदार: कर्जदाराने भरलं नाही तर मी भरेन, असा करार तुम्ही करता.
- सहकर्जदार: कर्ज तुमचंच आहे. पैसे कुणाच्या खात्यात गेले, याने फरक पडत नाही. नवऱ्याच्या धंद्याच्या कर्जावर बायकोची सही बऱ्याचदा या रकान्यात असते, आणि तिला वाटत असतं की आपण साक्षीला आहोत.
- तारण देणारे: तुमचं घर, सोनं किंवा ठेवीची पावती दुसऱ्याच्या कर्जासाठी अडकते.

नावाखाली छापलेला शब्द वाचा. वाचता येत नसेल, कागद इंग्रजीत असेल, तर अधिकाऱ्याला विचारा, ‘मी इथे कोण आहे?’ हा प्रश्न विचारायला लाज वाटण्याचं कारण नाही.

‘आधी कर्जदाराला पकडा’ हे कायद्यात बसत नाही

भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याचं कलम १२८ सांगतं की करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात हेच स्पष्ट केलं. आधी कर्जदाराकडून वसुलीचे सगळे उपाय करून दमा आणि मग जामीनदाराकडे या, अशी अट बँकेवर घालता येत नाही, कारण मग जामिनाला अर्थच उरणार नाही.

बँकेच्या बाजूने विचार केलात तर हे पटेल. धंदा बुडालेल्या कर्जदाराच्या मागे धावण्यापेक्षा दरमहा पगार घेणारा जामीनदार बँकेला सोपा. दोन जामीनदार असले तर ‘निम्मं माझं, निम्मं त्याचं’ हा हिशेब तुमच्या दोघांतला झाला. संस्था पूर्ण रक्कम तुमच्या एकट्याकडेही मागू शकते.

सहीपूर्वीचा हिशेब

समजा, मेहुण्याला पाच लाख रुपये हवे आहेत, १२ टक्के दराने, पाच वर्षांसाठी. हप्ता येतो ११,१२२ रुपये. वर्षभर तो नीट भरतो आणि मग थांबतो. तेव्हाही मुद्दल साधारण ४ लाख २२ हजार शिल्लक असते, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा नंतरच्यापेक्षा जास्त असतो. ‘एक वर्ष तर भरलंय, आता थोडंच राहिलं असेल’ हा समज इथेच फुटतो. शिवाय थकल्या दिवसापासून व्याज आणि दंड चढत राहतात.

आता कागद बाजूला ठेवा आणि स्वतःला विचारा: ही सगळी रक्कम उद्या मलाच भरावी लागली, तर मी भरू शकेन का? आणि भरल्यावर हा माणूस मला डोळ्यांसमोर चालेल का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे. दोन्हींना ‘हो’ येत असेल तर खुशाल सही करा. जामीन राहणं हे काही पाप नाही. शिक्षणाची कर्जं, सोसायटीची पीककर्जं आणि कितीतरी लहान धंदे कुणीतरी जामीन राहिलं म्हणून उभे राहिले.

आणखी एक नुकसान सहसा कुणी मोजत नाही. तुम्ही दिलेला जामीन तुमच्या स्वतःच्या क्रेडिट अहवालात दिसतो. पुढे मुलीच्या शिक्षणासाठी किंवा घरासाठी तुम्ही कर्ज मागायला जाल, तेव्हा बँक हे ओझं तुमच्या खात्यावर धरू शकते, आणि मेहुण्याचे हप्ते थकले तर त्याचा डाग तुमच्याही नावावर पडू शकतो.

कागदात काय पाहायचं

मसुदा आदल्या दिवशी मागून घ्या. ‘आजच शेवटची तारीख आहे’ असं म्हणणाऱ्याला ती तारीख कालही माहीत होती.

- रक्कम अंकात आणि अक्षरात भरलेली आहे का? कोऱ्या रकान्यावर सही नको.
- हमी ‘सर्व वर्तमान आणि भविष्यातील’ कर्जांसाठी आहे की याच एका कर्जासाठी? पहिल्या प्रकारचं वाक्य असेल तर खोडायला सांगा. खोडत नसतील तर सही करू नका. यावर माझं मत ठाम आहे.
- हमीला कमाल मर्यादा घालता येते. ‘दोन लाखांपर्यंत’ अशी मर्यादित हमी मागून पाहा. पतसंस्था सहसा मानत नाहीत, बँका कधीकधी मानतात.
- मुदत वाढवली, दर बदलला किंवा कर्जाची पुनर्रचना केली तरी जामीनदार बांधील राहील, असं कलम जवळपास प्रत्येक छापील नमुन्यात असतं. कायद्याने (कलम १३३) तुमच्या संमतीविना अटी बदलल्या तर बदलानंतरच्या व्यवहारांपुरते तुम्ही मोकळे होता. पण तो हक्क या छापील ओळीत तुम्ही आधीच सोडून दिलेला असतो.
- पगारातून कपातीचं संमतिपत्र सोबत आहे का? महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ खाली असं पत्र असेल तर संस्थेच्या मागणीवरून मालक थेट पगारातून कापतो. माझ्या स्लिपवरची ती ओळ याच कागदाची होती.

आणि कोरा चेक. ‘नुसता फाइलला लावायचा आहे हो’ म्हणून मागतात. स्वखुशीने सही करून दिलेला कोरा चेक दुसऱ्याने भरला तरी तो देण्यासाठीच दिला होता, असं कायदा आधी गृहीत धरतो. तसं नव्हतं, हे सिद्ध करत बसायचं ते तुम्ही. असा चेक वटला नाही तर चेकविषयक कायद्याच्या कलम १३८ चा फौजदारी खटला होतो. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. द्यावाच लागला तर रक्कम लिहा, नाव लिहा, मागे कर्जखात्याचा क्रमांक टाका आणि फोटो काढून ठेवा.

नाही कसं म्हणायचं?

‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण सगळ्यांना पाठ असते. दारात दाजी उभे राहिले की मात्र ती आठवत नाही. बहिणीच्या नवऱ्याला तोंडावर नकार देणं सोपं नाही, हे मान्य. म्हणून वाक्य आधी तयार ठेवा.

‘दाजी, घराचं कर्ज घ्यायचं आमच्या डोक्यात आहे. आता जामीन राहिलो तर माझंच अडेल.’ खरं असेल तरच हे बोला. खोटं कारण दिलं की ते कारण संपल्यावर माणूस पुन्हा येतो. त्याहून सरळ वाक्य हे: ‘आम्ही दोघांनी ठरवलंय, कुणालाच जामीन राहायचं नाही. सख्ख्या भावालाही नाही म्हटलंय.’ नियम सगळ्यांना सारखा असला की अपमान कमी वाटतो. पण मग तो खरोखर सगळ्यांना लावा.

नकार देताना हात रिकामा नसला तर बरं. यापैकी एखादा पर्याय पुढे करता येईल:

- सोन्यावर किंवा ठेवीच्या पावतीवर कर्ज काढा. जामीनदार लागत नाही आणि दरही बऱ्याचदा कमी पडतो.
- रक्कम कमी करा. शैक्षणिक कर्जाच्या बँकांच्या आदर्श योजनेत ४ लाखांपर्यंत तारण किंवा तिसऱ्याचा जामीन लागत नाही. आईवडील सहकर्जदार असले की झालं.
- कर्जासोबत विमा घ्या. कर्जदार दगावला तर निदान तेवढा भार जामीनदारावर येणार नाही.
- बुडाले तरी चालतील एवढेच पैसे तुम्ही स्वतः द्या, आणि ते बुडाले असं धरून द्या. पन्नास हजार बँकेतून ट्रान्सफर करा आणि दोन ओळींची चिठ्ठी लिहून घ्या. आयकर कायद्याने २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त उसने रोखीत घेता येत नाहीत.

दाजींचं तोंड चार दिवस वाकडं राहील. त्याला इलाज नाही.

सही होऊन गेली आहे, हप्ते अजून चालू आहेत

कराराची प्रत मागून घ्या आणि जपून ठेवा. कर्जदाराला सांगा, दर महिन्याला हप्ता भरल्याचा मेसेज मला पाठवत जा. हे मागायला आपण संकोचतो, पण सगळ्यात स्वस्त पहारा हाच. वर्षातून एकदा स्वतःचा क्रेडिट अहवाल पाहा. सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून दरवर्षी एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. पत्ता बदलला तर बँकेला लेखी कळवा, नाहीतर नोटिसा जुन्या घरी जात राहतील.

आता जामीन मागे घेता येतो का? एकदाच उचललेल्या मुदत कर्जाला सहसा नाही. कॅश क्रेडिटसारख्या फिरत्या खात्याला मात्र करार कायद्याच्या कलम १३० प्रमाणे नोटीस देऊन पुढच्या व्यवहारांपुरता जामीन थांबवता येतो. कराराने तो हक्क काढून घेतलेला नाही ना, तेवढं पाहावं लागेल. नोटिशीच्या दिवसापर्यंतची बाकी तुमच्या गळ्यातच राहते.

नोटीस आली

जामीनदार दोन चुका करतात. पहिली भिडेपोटी केलेली सही. दुसरी म्हणजे नोटीस कपाटात ठेवून देणं, आणि ही पहिलीपेक्षा महाग पडते. आमच्या नात्यातल्या एका काकांच्या पश्चात त्यांच्या पेटीत जुन्या पंचांगाखाली रजिस्टर पोस्टाचे तीन लिफाफे सापडले. दोन तर फोडलेलेही नव्हते. घरात कुणाला काही माहीत नव्हतं, आणि तोवर व्याज मुद्दलाच्या बरोबरीला आलं होतं.

पोस्टमनला ‘घेत नाही’ म्हणून परत पाठवल्याने काही होत नाही. नाकारलेली नोटीसही पोचली असंच धरलं जातं. म्हणून:

१. लिफाफा फोडा. मिळाल्याची तारीख वर लिहा.

२. कोणाची नोटीस आहे ते पाहा. बँकेच्या वकिलाची, सहकार खात्याची, की न्यायालयाची? प्रत्येकीची मुदत वेगळी असते.

३. त्याच आठवड्यात कर्जदाराला भेटा. फोन नको, घरी जा. काही वेळा तो दोन हप्ते भरण्याच्या स्थितीत असतो, पण लाजून बसलेला असतो.

४. संस्थेकडे लेखी अर्ज करून कर्जखात्याचा पूर्ण उतारा मागा. दंडव्याज आणि इतर खर्च कसे लावले ते तपासा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

५. मुदतीत लेखी उत्तर द्या, शक्यतो वकिलाकडून. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

पतसंस्था किंवा सहकारी बँक असेल तर ‘एकशे एकचा दाखला’ हे शब्द ऐकायला येतील. सहकार अधिनियमाच्या कलम १०१ खाली निबंधक चौकशी करून वसुलीचा दाखला देतो आणि मग जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. दाखल्यापूर्वी सुनावणीची नोटीस येते. त्या दिवशी हजर राहा आणि म्हणणं लेखी द्या. लोक इथेच गैरहजर राहतात. दाखला निघाल्यावर फेरतपासणी अर्ज करायचा तर आधी वसूलपात्र रकमेच्या ५० टक्के भरावे लागतात. जी गोष्ट सुनावणीला जाऊन बसभाड्यात झाली असती, तिला मग लाखभर रुपये मोजावे लागतात.

तुमचं घर तारण असेल तर सरफेसी, म्हणजे न्यायालयात न जाता तारणावरून वसुली करू देणाऱ्या कायद्याची ६० दिवसांची नोटीस येते. त्या मुदतीत हरकत घ्या. बँकेला तिचं उत्तर १५ दिवसांत द्यावं लागतं. ताब्याची कारवाई सुरू झाली तर कर्ज वसुली न्यायाधिकरणात ४५ दिवसांत जाता येतं. शेतजमिनीला हा कायदा लागू होत नाही.

दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा झाला तरी सगळा पगार जात नाही. पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. ४० हजार पगार धरला तर ढोबळमानाने १३ हजारांपर्यंत जप्ती लागू शकते, आणि एकाच हुकूमनाम्यासाठी ती एकूण २४ महिन्यांपलीकडे चालत नाही. भविष्य निर्वाह निधीला जप्ती लागत नाही.

वसुलीवाले दारात आले तर घाबरून आत जाऊ नका. ओळखपत्र आणि संस्थेचं पत्र मागा. बँका आणि वित्त कंपन्यांच्या वसुली एजंटांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नयेत, धमकावू नये, चारचौघांत अपमान करू नये, असे रिझर्व्ह बँकेचे आदेश आहेत. तक्रार आधी बँकेकडे लेखी करा. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. पतसंस्था या व्यवस्थेत येत नाहीत. त्यांची तक्रार उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे, आणि धमकी असेल तर पोलीस ठाण्यात.

भरावे लागले, तर भरतानाच हक्क राखा

एकरकमी परतफेड किंवा सामोपचार योजना आहे का, ते विचारा. व्याजात बऱ्यापैकी सूट मिळते. पण ठरलेली रक्कम लेखी हातात आल्याशिवाय एक रुपयाही भरू नका. क्रेडिट अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो, हेही लक्षात असू द्या.

- पैसे स्वतःच्या खात्यातून भरा. पावतीवर ‘जामीनदार या नात्याने’ असं लिहून घ्या. कर्जदाराच्या हातात रोकड देऊन ‘जा, भरून ये’ म्हणू नका. ते पैसे मग त्याने भरले असं दिसतं.
- पूर्ण भरणा झाला की तुमचं नाव घालून बेबाकी दाखला घ्या. कोरे चेक परत मागा. तारण असेल तर ते सुटल्याची नोंद करून घ्या. सातबाऱ्यावर बोजा चढला असेल तर तो आपोआप उतरत नाही, तलाठ्याकडे अर्ज द्यावा लागतो.
- पूर्ण फेड केल्यावर तुम्ही बँकेच्या जागी येता (करार कायदा, कलम १४०). कर्जदाराने बँकेकडे दिलेलं तारण आता तुम्हाला मागता येतं. बँकेने ते निष्काळजीपणे सोडून दिलं असेल, तर तेवढ्या किमतीपुरती तुमची जबाबदारी आधीच कमी होते (कलम १४१).
- कर्जदाराकडून भरलेली रक्कम वसूल करण्याचा हक्क कलम १४५ देतं. दावा पैसे भरल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो.
- दुसरा जामीनदार असेल तर त्याच्याकडून त्याचा वाटा मागता येतो (कलम १४६). वरच्या उदाहरणात ४ लाख २२ हजारांपैकी २ लाख ११ हजार.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. त्यामुळे दाव्याआधी कर्जदाराकडून कबुलीपत्र लिहून घेण्याचा प्रयत्न करा: इतके पैसे तुम्ही माझ्यासाठी भरलेत, दरमहा इतके परत करीन. खाली तारीख आणि सही. माझ्या सहकाऱ्याने असं पत्र दिलं आणि सहा वर्षांत, कधी हजार, कधी पाचशे, असे सगळे पैसे फेडले.

राहता राहिलं एक काम. जामीनदार गेला म्हणून झालेली जबाबदारी संपत नाही. वारशात जेवढं मिळालं तेवढ्यापुरते वारस बांधील राहतात. तेव्हा तुम्ही कुणाकुणाला जामीन आहात, त्याची यादी आज रात्री एका कागदावर लिहा: नाव, संस्था, रक्कम, साल. तो कागद घरात ज्या फाइलमध्ये लाइटबिलं असतात तिथे ठेवा, आणि ठेवताना बायकोला किंवा नवऱ्याला समोर बसवून वाचून दाखवा.